अँटीव्हायरससोबत मिळणारा रिमोट सपोर्ट वडिलांसाठी घ्यावा का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, आईसोबत विट्याला राहतात. तुम्ही बंगळुरूला. लॅपटॉपमधल्या अँटीव्हायरसची मुदत पुढच्या आठवड्यात संपतेय आणि कंपनीने दोन पर्याय समोर ठेवलेत. एक साधं लायसन्स. दुसऱ्यात जवळपास दुप्पट पैशांत तेच लायसन्स आणि सोबत 'वर्षभर अमर्याद रिमोट सपोर्ट, चोवीस तास', म्हणजे कंपनीचा माणूस इंटरनेटवरून लॅपटॉपची स्क्रीन ताब्यात घेऊन लांबूनच दुरुस्ती करणार. लोकांचे अनुभव वाचायला बसलात तर निम्मे म्हणतात, वीस मिनिटांत काम झालं, मुलगा फार नम्र होता. उरलेले म्हणतात, पैसे पाण्यात गेले, वर आणखी पैसे मागितले. यातलं खरं कोणाचं मानायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी कराडला अठरा वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. अँटीव्हायरसही विकते आणि त्यावर मला कमिशन मिळतं, हे आधीच सांगते. तुम्ही कंपनीचा सपोर्ट घेतलात की माझ्यासारख्या दुकानदाराचं एक गिऱ्हाईक कमी होतं, हेही तितकंच खरं. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा. कुणीतरी लांबून आधीच हात फिरवलेले लॅपटॉप आठवड्यातून चार-पाच तरी माझ्या टेबलावर येतात. काहींवर अगदी नेटकं काम झालेलं असतं, काहींवर नुसता खेळ झालेला असतो. दोन्ही पाहिल्यामुळे तुम्ही वाचलेली दोन्ही मतं मला खरी वाटतात.

पण तुमची अडचण जरा वेगळी आहे असं मला दिसतं. दुपारी तीन वाजता लॅपटॉपवर काहीतरी लाल-पिवळं दिसलं, तुम्ही मीटिंगमध्ये आहात, तर बाबांनी फोन कुणाला करायचा? कंपनीने नेमकं या काळजीवर बोट ठेवून पॅकेज बनवलंय. म्हणून आधी मनात दोन गोष्टी वेगळ्या करा. अँटीव्हायरस ही एक वस्तू आहे, मदत करणारा माणूस ही दुसरी. दोन्ही एका बिलात आल्या म्हणून एक चांगली तर दुसरीही चांगली, असं होत नाही.

आपल्याकडे पूर्वी या दोन गोष्टी एकाच हातात असायच्या. पुण्याची क्विक हील कंपनी मुळात दुरुस्तीच्या धंद्यातून उभी राहिली. कैलाश काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटरकडे वळले, आणि भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला. आमच्या भागात त्या काळी अँटीव्हायरसचा डबा दुकानदाराकडून यायचा आणि काही बिघडलं की तोच दुकानदार स्कूटरवरून घरी यायचा. ग्राहकाच्या डोक्यात 'अँटीव्हायरसवाला' म्हणजे चेहरा असलेला माणूस होता. ऑनलाइन रिन्यूअल सुरू झालं तसा तो माणूस गेला आणि त्याची जागा रिमोट सपोर्टने घेतली. वयस्कर लोकांच्या मनात मात्र अजून तो जुना भरवसा आहे, आणि ते फोनवरच्या अनोळखी आवाजावरही तोच टाकतात.

आता लोकांच्या मतांकडे वळू. पाच तारे देणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यात लिहितात. लायसन्स चालू होत नव्हतं, जुना अँटीव्हायरस निघत नव्हता, सपोर्टवाल्याने स्क्रीन घेतली आणि करून दिलं. ही कामं रोजची आणि ठरलेली असतात, ती करणाऱ्याचा हातही बसलेला असतो. त्यामुळे तारे योग्यच आहेत. फक्त ते तारे 'बसवून दिलं' याला मिळालेले आहेत. सहा महिन्यांनी खरं संकट आलं तेव्हा काय झालं, ते त्यात नसतं.

एक तारा देणाऱ्यांत मला चार गट दिसतात. एकाचा लॅपटॉप हार्डडिस्क खराब झाल्याने हळू चालत होता आणि त्याला वाटलं सपोर्टवाला तो फोनवरून पळवेल. दुसऱ्याला कॉलच्या मध्येच आणखी महागडी योजना विकायचा प्रयत्न झाला. तिसऱ्याच्या कार्डावरून पुढच्या वर्षाचे पैसे आपोआप गेले. या तिघांचा राग नीट वाचला की कळतो. चौथा गट नीट ओळखा. या लोकांनी कंपनीला फोन केलेलाच नसतो. गुगलवर 'अमुक अँटीव्हायरस कस्टमर केअर' असं शोधून जो पहिला नंबर दिसला तो लावला, तो भामट्यांचा निघाला, आणि शिव्या कंपनीच्या नावाने लिहिल्या गेल्या. माझ्याकडे आलेल्या फसवणुकींत हा प्रकार सगळ्यांत जास्त आहे. म्हणून एखाद्या मतात 'यांनी गिफ्ट कार्ड मागितलं' किंवा 'पेमेंट ॲप उघडायला लावलं' असं आलं, तर मी ते कंपनीच्या खात्यावर टाकत नाही.

यापुढचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय आणि त्याचा पगार कशावर ठरतो? अँटीव्हायरस बनवणारे इंजिनियर फोन उचलत नाहीत. बऱ्याचदा हे काम दुसऱ्या कंपनीला दिलेलं असतं. आणि त्या कंपनीची कमाई बिघाड दुरुस्त करण्यावर नसून पुढची विक्री करण्यावर असेल, तर काय होतं याची दोन उदाहरणं जगासमोर आलेली आहेत.

पहिलं उदाहरण अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीचं. त्यांचा फुकट अँटीव्हायरस वापरणाऱ्यांना फोनवरची मदतही फुकट मिळत होती आणि ती मदत गुरगावची आययोगी ही कंपनी देत होती. मार्च २०१२ मध्ये ब्रायन क्रेब्स या अमेरिकी पत्रकाराने त्यावर लिहिलं. फोन करणाऱ्यांना नसलेले दोष दाखवून वर्षभराची पैसे देऊन घ्यायची सेवा गळ्यात मारली जात होती. हे छापून येताच अवास्टने आययोगीसोबतचं काम थांबवलं. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने आययोगीवर खटला भरला. यात अँटीव्हायरस म्हणून अवास्टच्या सॉफ्टवेअरवर कुणाचा आक्षेप नव्हता. तक्रार मदतीबद्दल होती.

दुसरं उदाहरण ऑफिस डेपो या मोठ्या अमेरिकी दुकानसाखळीचं. तिथे सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने दिलेलं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं तपासणीचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरवर चालवलं जायचं. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न होते: कॉम्प्युटर हळू चालतो का, मध्येच बंद पडतो का, पॉप-अप येतात का, असे. यातल्या कुठल्याही एका चौकोनात खूण केली की मशीनमध्ये काहीही असो-नसो, 'व्हायरसची लक्षणं सापडली' असा निकाल यायचा, आणि मग शेकडो डॉलरची साफसफाई विकली जायची. हे २०१६ पर्यंत वर्षानुवर्षं चाललं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दोन्ही कंपन्यांकडून मिळून साडेतीन कोटी डॉलर वसूल केले. त्या चार प्रश्नांचा विचार करा. कॉम्प्युटर घेऊन दुकानात आलेला माणूस 'हळू चालतो' असं म्हणणारच, नाहीतर तो आला कशाला असता?

तुम्ही पैसे मोजून घेताय तो सपोर्ट यापेक्षा बरा असण्याची शक्यता आहे, कारण त्यांना पैसे आधीच मिळालेत. तरी पॅकेजच्या वर आणखी एक पॅकेज असतंच. म्हणून खरेदीआधी कंपनीच्या चॅटवर जाऊन लेखी विचारा: या योजनेत काय येत नाही? हा माझा ठरलेला प्रश्न आहे. काय येतं ते जाहिरातीत असतं. काय येत नाही ते सरळ लिहून दिलं, तर कंपनीला तिची मर्यादा ठाऊक आहे असं मी धरते. गोलमोल उत्तर आलं तर साधं लायसन्स घ्या.

लांबून खरंच काय होतं तेही सांगते. गेल्या वर्षी एक निवृत्त परिचारिका बाई आल्या. दर पाच मिनिटांनी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' अशी चौकट उगवत होती, अशी त्यांची तक्रार होती. लॅपटॉप उघडला तर चौकट कुठेच नव्हती. आदल्या रात्री त्यांनी अँटीव्हायरस कंपनीच्या सपोर्टला फोन केला होता आणि काम झालंय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, म्हणून माझ्याकडून खात्री करून घ्यायला आल्या होत्या. मी पाहिलं. कुठल्यातरी रेसिपीच्या वेबसाइटला त्यांनी कधीतरी 'अलाउ' म्हटलं होतं आणि ती साइट ब्राउझरमार्फत सूचना पाठवत होती. व्हायरस नव्हताच. सपोर्टवाल्या मुलीने त्या साइटची परवानगी काढली होती, दोन फालतू एक्स्टेन्शन उडवली होती आणि डेस्कटॉपवर नोटपॅडच्या फाइलमध्ये काय काय केलं ते सहा ओळींत लिहून ठेवलं होतं. मी स्वतः केलं असतं तर याहून वेगळं काही केलं नसतं. बाईंना मी तसं सांगितलं आणि त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला नाही.

ती सहा ओळींची फाइल मला फार आवडली. लांबून काम करणाऱ्याने काय केलं याची नोंद मागे ठेवणं ही चांगल्या सपोर्टची खूण आहे. तुम्ही घेतलात तर बाबांना सांगून ठेवा, काम संपल्यावर 'काय केलंत ते लिहून ठेवा' म्हणायचं.

आता दुसरी बाजू. एका पतसंस्थेचे निवृत्त सचिव कापडी पिशवीत लॅपटॉप घालून आले. चेहरा उतरलेला. अँटीव्हायरसच्या रिमोट सपोर्टने लॅपटॉप हळू चालतो म्हणून विंडोज रिसेट करून दिलं होतं. फाइल्स जागेवर होत्या, पण उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि चित्रविचित्र खुणांची रांग. सपोर्टवाल्याचं निदान होतं, फाइल्स करप्ट झाल्यात, डेटा रिकव्हरीची वेगळी योजना घ्यावी लागेल. अकरा वर्षांच्या सभांची इतिवृत्तं होती त्यात. मी वर्डमध्ये एक फाइल उघडली आणि फॉन्टच्या खोक्याकडे पाहिलं. नाव 'श्री-देव'ने सुरू होत होतं. म्हणजे श्रीलिपी. हे जुने फॉन्ट युनिकोडमधले, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतले, नाहीत. मराठी अक्षरांचे आकार त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉन्ट मशीनमध्ये नसला की मूळ इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. रिसेट करताना तो फॉन्ट गेला होता, एवढंच. मी फॉन्ट टाकला, फाइल बंद करून परत उघडली, आणि पहिल्या ओळीवर ठळक अक्षरांत 'वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त' उमटलं. सचिवसाहेब खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

सपोर्टवाला लबाड होता असं मी म्हणणार नाही. कदाचित त्याने आयुष्यात श्रीलिपी पाहिलीच नसेल. पण आपल्याकडच्या कॉम्प्युटरवर अशा खास आपल्या गोष्टी खूप असतात: जुने मराठी फॉन्ट, हिशेबाचं टॅली, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, त्या टोकनसाठी मुद्दाम ठेवलेलं जुनं जावा. दूरच्या माणसाला यातलं बरंच काही कचरा वाटतं आणि साफसफाईत तो ते उडवतो. तुमचे बाबा शिक्षक होते, जुन्या प्रश्नपत्रिका किंवा लेख या फॉन्टमध्ये असतीलच. हे मी अंदाजाने म्हणतेय, पण तपासून घ्या.

जे लांबून होतच नाही ते थोडक्यात. मशीन चालूच होत नसेल, इंटरनेट नसेल, हार्डडिस्क मरायला टेकली असेल, पंखा धुळीने भरला असेल, तर सपोर्टवाला काही करू शकत नाही. पाच-सहा वर्षं जुना लॅपटॉप 'स्लो झालाय' म्हणून जे लोक सपोर्ट घेतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना साधी हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान प्रकारची डिस्क) टाकल्यावर जो फरक पडतो, तो कुठल्याच ट्यून-अपने पडत नाही.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, याबद्दल वेगळं सांगते, कारण 'व्हायरस काढून देऊ, नाहीतर पैसे परत' ही ओळ वाचून लोकांचा गैरसमज होतो. माझ्याकडे आलेल्या घरगुती मशीनवर सगळ्यांत जास्त सापडला तो स्टॉप उर्फ डीजेव्हीयू. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येतो, फोटो आणि फाइल्स कुलूपबंद करतो आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची चिठ्ठी टाकतो: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. सपोर्टवाला व्हायरस काढतो, ते खरंच काढतो. पण व्हायरस काढल्याने कुलूप उघडत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या सुरक्षा कंपनीने त्याच्या जुन्या प्रकारांसाठी कुलूप उघडणारं फुकट सॉफ्टवेअर दिलं, त्याने काही लोकांच्या फाइल्स परत आल्या, नव्या प्रकारांतल्या बहुतेकांच्या नाही आल्या. 'पैसे परत' म्हणजे तुम्ही लायसन्सला दिलेले पैसे परत. नातवाच्या बारशाचे फोटो त्यात येत नाहीत. ते वाचवायचे तर त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून कपाटात ठेवलेली हवी. कायम जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते.

सुरक्षिततेचं बोलते, आणि इथे मी कुणाचीच भीड ठेवत नाही. रिमोट सपोर्ट घ्या किंवा नका घेऊ, बाबांना एक गोष्ट शिकवावीच लागेल: फोन आपण करायचा, आलेल्या फोनवर कुणालाही स्क्रीन द्यायची नाही. सपोर्टचं पॅकेज घेतलं की हा धोका वाढतो, कारण मग 'सर, तुमच्या अँटीव्हायरसच्या सपोर्टमधून बोलतोय' हा फोन खरा वाटू लागतो. पॅकेज नसलेला माणूस निदान म्हणतो, मी तर असलं काही घेतलंच नाही.

भामट्यांच्या दोन युक्त्या बाबांना स्वतः करून दाखवा. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायला लावतात आणि तिथले लाल-पिवळे इशारे दाखवून घाबरवतात. तुमच्याच लॅपटॉपवर तो उघडून बाबांना दाखवा, तिथेही तसेच शेकडो इशारे दिसतील, कारण चालत्या विंडोजमध्ये ते असतातच. दुसरी युक्ती याहून चलाख आहे. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) 'assoc' ही आज्ञा टाइप करायला लावतात आणि शेवटी जो '८८८डीसीए६०'ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक येतो, तो आपल्याकडच्या कागदावरून वाचून दाखवतात. म्हणतात, बघा, तुमच्या कॉम्प्युटरचा लायसन्स नंबर आमच्याकडे आहे, म्हणजे आम्ही खरे. तो क्रमांक विंडोजच्या प्रत्येक मशीनवर अगदी तोच असतो. माझ्या दुकानातही तोच आहे. तुमच्या आणि बाबांच्या लॅपटॉपवर एकामागोमाग काढून दाखवलात तर बाबांच्या कायमचं लक्षात राहील. आणि स्क्रीनभर इशारा येऊन त्यात फोन नंबर असेल, तर तो खोटाच. मायक्रोसॉफ्टच्या कुठल्याही इशाऱ्यात फोन नंबर नसतो. पॉवरचं बटण दाबून ठेवायचं आणि मशीन बंद करायचं.

मोबाइलवर तर रिमोट मुळीच द्यायचा नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्क या लांबून स्क्रीन चालवायच्या ॲपबद्दल मुद्दाम सावध केलं होतं: ॲप घ्यायला लावतात, त्यातला नऊ अंकी कोड मागतात, आणि मग यूपीआयमधून पैसे काढतात. एनीडेस्क स्वतः वाईट नाही, मीही रोज वापरते. पण बँकेचे संदेश ज्या फोनवर येतात तो फोन आणि अनोळखी माणूस एकत्र आले की ओटीपी सांगायचीही गरज उरत नाही. चुकून असं घडलंच, तर आधी इंटरनेट बंद, मग बँकेला फोन आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार. लाजेने संध्याकाळपर्यंत थांबलेले लोक मी पाहिलेत. तोवर पैसे चार खात्यांतून पुढे गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच धरलं जातं, म्हणून घड्याळाकडे बघून फोन करायचा.

हे सगळं कुणासाठी घेण्यासारखं आहे, तेही सांगायला हवं. ज्यांच्या आसपास कोणीच नाही आणि मुलं परदेशात वेगळ्या वेळेत राहतात, ज्यांना इंग्रजी किंवा हिंदीत फोनवर तासभर बोलायचा कंटाळा नाही, आणि ज्यांचा उपयोग ईमेल, व्हिडिओ कॉल, प्रिंटर एवढाच आहे, त्यांना मी कधी कधी हो म्हणते. माझ्या एका ग्राहकाच्या आई एकट्या राहतात, मुलगी कॅनडात. त्यांनी हा सपोर्ट तीन वर्षं घेतलाय आणि त्या खूश आहेत. भाषेचा मुद्दा हलका समजू नका. 'टास्कबारवर राइट क्लिक करा' हे मराठीतून समजावतानाही वेळ लागतो. बाबांना परक्या भाषेत, घाईत, होल्डवरच्या संगीतानंतर ते जमेल का, हे तुम्हालाच ठाऊक.

थोडक्यात इथवर आलो ते असं: लोकांची मतं बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या कामांबद्दल आहेत. बसवणं आणि साधी साफसफाई लांबून छान होते, हार्डवेअर आणि आपल्याकडचे खास प्रकार होत नाहीत, आणि पॅकेजमुळे खोट्या फोनला खरेपणा येतो. यावरून तुमच्या बाबांसाठी माझं मत 'घेऊ नका' असं आहे. तुम्ही फोनवर असता, विट्यात दुरुस्तीवाले आहेत, आणि दुप्पट पैशांतला फरक दुसरीकडे जास्त कामी येईल.

त्याऐवजी काय, ते सांगते. साधं लायसन्स घ्यायचं असेल तर घ्या. नसेल तर जुना अँटीव्हायरस नीट काढून टाका, विंडोजमधलाच डिफेंडर आपोआप चालू होतो आणि घरगुती वापराला तो पुरतो. माझी यात विक्री बुडते, तरी बहुतेक घरांना मी हेच सांगते. मग बाबांचं विंडोजचं खातं ॲडमिनवरून (सगळे अधिकार असलेलं) स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) करा आणि ॲडमिनचं वेगळं खातं बनवून त्याचा पासवर्ड आईच्या डायरीत लिहून ठेवा. या एका बदलाने नको ती सॉफ्टवेअर बसणं बरंच कमी होतं.

मदतीसाठी विंडोजमधलं क्विक असिस्ट वापरा, त्यातून बाबांची स्क्रीन तुम्हालाच लांबून बघता आणि चालवता येते. तुमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं खातं हवं, बाबांना ते लागत नाही. कोड तुमच्याकडे तयार होतो, तुम्ही फोनवर सांगता, बाबा तो टाकतात आणि परवानगी देतात. कोड दहा मिनिटांतच संपतो. एक अडचण आधीच सांगते, नाहीतर पहिल्याच वेळी घाबराल: ॲडमिन पासवर्ड विचारणारी चौकट आली की तुमची स्क्रीन काळी होते. ती बाबांनाच दिसते आणि पासवर्ड त्यांनाच टाकावा लागतो. डायरी जवळ ठेवायला सांगा. पुढच्या भेटीत आधी दोघांनी एकाच खोलीत बसून हे दोन-तीनदा करून बघा, मग दुसऱ्या खोलीतून, मग बंगळुरूहून.

उरलेल्या पैशांत विट्यातला एखादा दुरुस्तीवाला शोधा आणि त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. घरी येण्याचे किती घेणार ते ठरवा. दिवाळीला गेलात की लॅपटॉप एकदा त्याच्याकडून उघडून साफ करून घ्या, म्हणजे ओळख होते. संकटाच्या दिवशी बाबा ज्याला नावाने हाक मारू शकतात असा माणूस हवा.

तरीही पॅकेज घ्यायचं ठरवलंत, तर पैसे भरताना ऑटो रिन्यूअलची खूण काढा. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे जाण्याआधी चोवीस तास सूचना येते, पण ती ज्याच्या नंबरवर येते त्याने वाचली तर. सपोर्टचा नंबर फक्त अँटीव्हायरसच्या खिडकीतल्या 'हेल्प'मधून घ्या, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहा आणि लॅपटॉपच्या झाकणावर आतून चिकटवा. बाबांना गुगलवर नंबर शोधायची वेळच येऊ नये.

शेवटी तुम्ही लिहिलेलं नाही ते विचारते. लॅपटॉप विंडोज १० वर आहे का? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे दिसेल. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत मिळते. अपडेट नसलेल्या विंडोजवर कुठलाही अँटीव्हायरस किंवा सपोर्ट ती उणीव भरून काढत नाही, त्यामुळे पैसे कुठे घालायचे याचं उत्तर कदाचित पूर्ण बदलेल. विंडोजची आवृत्ती, लॅपटॉपचं मॉडेल आणि आत हार्डडिस्क आहे की एसएसडी, एवढं इथेच लिहा. मुदत संपायच्या आत मी उत्तर देते.